दोन दगडांची मुलगी

"दगडाला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "शपथ आहे तुम्हाला."

"कुणाची?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"माझी."

"तुमची शपथ मी घेत न्हाई, वैनी. काय बरंवाईट झालं तर शेठला काय तोंड दावू? त्यापरीस घोडीची घेतो."

"घोडीची घ्या. पण आज दगड बाहेर दिसता कामा नये. आज एकच दिवस."

हे बोलणं आमच्या परसदारी चाललं होतं आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. चैत्र महिना, सकाळी नऊचा सुमार. मी एकोणीस वर्षांची होते आणि पंधरा दिवसांत पोटभर जेवले नव्हते.

पुढे सोप्यात बार्शीचे डांगरे चहा पीत होते. मुलगा मुरलीधर, त्याची आई आणि त्याचे मामा. मला पाहून नुकतंच झालं होतं आणि ते बरं पार पडलं होतं, कारण त्याची सगळी मांडणी गोदूआत्यानं केली होती. उन्हाचं कारण सांगून तिनं खिडक्यांना गोणपाटं लावली. मला गडद निळं लुगडं नेसवलं. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे ती स्वतः माझ्या शेजारी येऊन बसली. आत्या आमच्या माजघराच्या दारातून आडवी होऊन ये-जा करायची. तिच्याशेजारी कुणालाही बसवा, सडपातळच दिसणार.

हा खटाटोप करायची वेळ तिनंच आणली होती. बार्शीला पाठवलेलं पत्र तिच्या हातचं, आणि त्यात ‘मुलगी अंगानं बेताची’ असं एक वाक्य तिनं माझ्या वडिलांना, अण्णांना, न विचारता घातलं होतं. त्याआधी दोन स्थळं मला पाहून गेली होती आणि दोन्हीकडून एकच निरोप आला होता, की मुलगी थोराड वाटते. माझ्या पाठची कमल सतरा वर्षांची झाली होती. माझं जमल्याशिवाय तिचं बघता येत नव्हतं, आणि तिसरा नकार आला तर चौथं स्थळ कोण आणणार, हे आई दिवसातून चार वेळा देवाला विचारायची. म्हणून ते पत्र गेलं, आणि पत्र खरं करण्यासाठी मला ताकावर ठेवलं. सकाळी ताक, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी पुन्हा ताक. पंधरा दिवसांनी माझे डोळे तेवढे खोल गेले. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

आता फक्त मंडळी जेवून दुपारच्या गाडीनं निघाली, की सुटलो, अशा बेतात आम्ही असताना मुलाची आई म्हणाली, "तुमच्या टेकडीवरच्या भवानीची ओटी भरीन म्हणते. मुलीलाही घेऊ बरोबर. तेवढंच बोलणं होईल."

"चालत?" आत्यानं आशेनं विचारलं.

"छे हो, माझे गुडघे! टांगा सांगा की एखादा."

आमच्या कोळेगिरीत टांगा सांगायचा म्हणजे दस्तगीरचाचांचाच. आणि चाचांचा टांगा म्हणजे दगड आलेच.

आता टांगे कुणी पाहिलेले नसतात, म्हणून सांगते. टांग्याला चाकं दोनच. पुढच्या दोन दांड्या घोड्याच्या पाठीवरच्या खोगिराला अडकवलेल्या. पुढच्या बाकावर गाडीवान आणि एक-दोन माणसं, मागच्या बाकावर त्यांच्या पाठीला पाठ लावून आणखी दोन-तीन. पुढं भार जास्त झाला तर दांड्या घोड्याच्या पाठीवर दाबतात, त्याला गाडी दाबू झाली म्हणायचे. मागं जास्त झाला तर दांड्या वर उचलतात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो आणि बिचारं जनावर टांगल्यासारखं होतं. त्याला म्हणायचे गाडी उलाळ झाली. टांगेवाल्याची सगळी विद्या माणसं कुठं बसवायची यात असते. पण आमच्याकडे बायका मागंच बसायच्या. पुढं गाडीवानाशेजारी बसायचं ते पुरुषांनी. मग मागं तीन जाड बायका आणि पुढं कुणीच नाही, असं झालं की काय करायचं? त्यावर चाचांनी उपाय काढला होता. पुढच्या बाकाखालच्या खणात ते गोणपाटात गुंडाळलेले तीन दगड ठेवायचे. बायका बसल्या की खाली उतरून दांडीखाली तळहात धरायचे, डोळे मिटून अंदाज घ्यायचे आणि तोंडानं एक शब्द न काढता एखादा दगड खणातून काढून पुढं पाय ठेवायच्या फळीवर मांडायचे. कधी एक, कधी दोन.

त्यांच्या दृष्टीनं हा घोडीचा प्रश्न होता. गावाच्या दृष्टीनं तो बाईच्या मापाचा प्रश्न झाला. हळदीकुंकवाहून कोण कशी परतली हे ओट्यावरच्या बायका दगडांवरून सांगायच्या. "बाळंतपणानंतर एकदगडी झाली बघ." "तिचं काय विचारता, कायमची दोनदगडी." तीन दगड गोदूआत्याशिवाय कुणाला लागले नव्हते. आणि मी, अण्णांची थोरली शालन, वयाच्या सोळाव्या वर्षापासून दोनदगडी होते.

चाचा टांगा दारात घेऊन आले. त्यांची घोडी शहजादी पांढरी, म्हातारी आणि फार मानी होती. मामांनी चष्मा पुसून टांगा पुढून पाहिला, मग मागून पाहिला.

"ही बग्गी?" ते म्हणाले. "पत्रात तर ‘फिरण्यासाठी बग्गीची सोय होईल’ असं लिहिलं होतं."

आत्या आभाळाकडे बघायला लागली. ते वाक्यही तिचंच होतं.

मामा पूर्वी कुठल्याशा संस्थानच्या गाडीखान्यात कारकून होते. संस्थान विलीन झालं, गाड्यांचा लिलाव झाला, पण मामांच्या डोक्यातला गाडीखाना तसाच भरलेला होता. "दोन चाकांना बग्गी म्हणत नाहीत," ते आम्हा सगळ्यांना उद्देशून सांगायला लागले. "बग्गीला चार चाकं. तीच मुंबईत भाड्यानं फिरली की व्हिक्टोरिया. छत दोन्हीकडून मिटणारं असेल तर लँडो. दारं-खिडक्यांचा बंद डबा असेल तर ब्रूम. उघडी, हलकी, ती फिटन. पेटीसारखी ती शिग्राम. बैल जुंपून वर छप्पर असेल तर दमणी. हा नुसता टांगा आहे."

"चार चाकंच पायजेत तर मागनं दुसरा टांगा बांधू का?" चाचांनी अदबीनं विचारलं.

मुलगा हसला. मी तेव्हा त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला काळा कोट, तोही चैत्रात. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. खांदे भरदार होते, पण कोटाच्या बाह्यांतून बाहेर आलेले हात दुसऱ्याच कुणाचे तरी वाटावेत इतके बारीक.

"बसायचं कसं?" त्याच्या आईनं विचारलं.

"स्त्रिया मागं," मामा म्हणाले. "मानाची जागा मागची. पुढं हुजऱ्या बसतो. आमच्या गाडीखान्यात हे कधी चुकलं नाही."

मागं तिघी बसायचं ठरलं. मुलाची आई, मी आणि गोदूआत्या. आत्यानं खरं तर घरी राहायला हवं होतं, पण माझ्याशेजारचं स्थान तिला सोडवेना. मुलाची आईसुद्धा चांगली भरलेली होती. आम्ही तिघी चढून बसलो तेव्हा टांग्यानं एक लांब उसासा टाकला. चाचा सवयीनं उतरले, दांडीखाली हात धरला, डोळे मिटले. मग उघडले आणि दारात उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. आईनं हात जोडले.

 खणाकडे चाचांनी पाहिलंसुद्धा नाही. मामांना आणि मुरलीधरला पुढं चढवलं आणि स्वतः बाकावर न बसता दोन दांड्यांच्या मधे, घोडीच्या शेपटीला चिकटून, अर्धे बसले अर्धे लोंबकळले.

"हे असे का बसलात?" मामांनी विचारलं.

"घोडीच्या कानात बोलाय बरं पडतं," चाचा म्हणाले.

बाजारपेठेतून गेलो ते सपाटीवरून, त्यामुळे निभावलं. भांड्यांच्या दुकानातून अण्णांनी आमच्याकडे पाहिलं, पुढच्या फळीकडे पाहिलं, फळी रिकामी आहे हे बघून हातातला तांब्या खाली ठेवला. ओट्यावरच्या दोघी-तिघी बायका उठून उभ्या राहिल्या. तिघी मागं आणि दगड एकही नाही, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मागं मुलाची आई गोड बोलत होती. "शालन, तुला करंज्या येतात का गं?"

"येतात," मी म्हटलं. करंजी हा शब्द ऐकून पोटात असा आवाज झाला, की आत्यानं घाईनं खोकून तो झाकला.

"आमचा मुरलीधर फार खातो हो," त्या म्हणाल्या. "बघितलंत ना, कसा भरला आहे!"

पुढं मामांचं चालूच होतं. "रेकला ठाऊक आहे का तुम्हाला? नुसती दोन चाकं आणि फळी, शर्यतीची. आणि छकडा म्हणजे–"

"मामा," चाचा म्हणाले, "नावं समदी तोंडपाठ हाईत. दांडीला हात कधी लावलाय?"

"आमच्याकडे त्याला माणसं होती."

"मग आता जरा पुढं सरका. चढ आला."

टेकडीचा चढ देवीच्या कमानीपाशी सुरू होतो. चढाला गाडी लागली की भार आपोआप मागं येतो. आधी मला एवढंच जाणवलं की माझे पाय रस्त्याच्या जवळ चाललेत. मग शहजादी थांबली. मग ती एक पाऊल मागं आली.

"आणखी पुढं!" चाचा ओरडले. "मामा, दांडीवर बसा!"

"मी दांडीवर बसणार नाही. दांडीवर बसत नसतात."

"मी बसतो," मुरलीधर म्हणाला आणि उठला. पण तोवर दांड्या वर निघाल्या होत्या. त्यानं उडी मारून एक दांडी धरली आणि पोटावर आडवा झाला, वाळत घातलेल्या धोतरासारखा. दांडीला त्याचा पत्ताच लागला नाही. ती त्याला घेऊन वर गेली.

पुढचं सगळं फार सावकाश झालं. टांग्याचं मागचं टोक रस्त्याला टेकलं, आणि आम्ही तिघी हात हातात घेऊन, घसरगुंडीवरून यावं तशा ओळीनं खाली येऊन मातीत बसलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ओटीचा नारळ मात्र उताराला लागला आणि कमानीपर्यंत एकटाच परत गेला. मी मागं वळून बघितलं तर टांगा आभाळाकडे तोंड करून उभा, शहजादीचे पुढचे पाय जमिनीपासून वीतभर वर, चेहऱ्यावर भयंकर अपमान. मामा पुढच्या बाकाला मिठी मारून "अरे, अरे, अरे" म्हणत होते. आणि मुरलीधर दांडीच्या टोकाला लोंबत होता.

त्याचा कोट दांडीच्या आकड्यात अडकला होता. तो सुटायला गेला आणि कोटाची बटणं पटापट तुटली. कोट वर राहिला, मुरलीधर खाली आला. तर त्याच्या अंगात दुसरा कोट! तोही उसवला होता, आणि त्याच्या खांद्यातून कापसाचे पुंजके बाहेर येत होते. त्याच्या आत लोकरीचा स्वेटर. तो बिचारा रस्त्यावर उभा राहून एकेक कपडा काढत गेला, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि उकडतही असणार. शेवटी सदऱ्यात उरला तो एक उंच, काटकुळा, घामानं निथळणारा मुलगा.

आम्ही तिघी मातीतून बघतच राहिलो.

आता मला वाटलं, आत्या काहीतरी बोलणार. पण त्याआधीच मुलाची आई हुंदके देऊन रडायला लागली. "माझ्यामुळं झालं हो हे. माझंच वजन. बार्शीतसुद्धा टांगेवाले मला बघून पलीकडच्या गल्लीत वळतात. तुमच्या गावात येऊन घोडं टांगलं मी. काय म्हणाल तुम्ही लोक!"

चाचांनी शहजादीला धरून टांगा सरळ केला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. आत्यानं त्या बाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि अतिशय मायेनं म्हणाली, "असू दे हो. होतं असं. आम्ही कुणाला सांगणार नाही."

तेवढं एक वाक्य मला ऐकवेना. ताक मी निमूट प्यायले होते. गोणपाटांच्या अंधारात बसले होते. पण ती बाई मातीत बसून माझ्या वजनासाठी रडत होती, आणि माझी आत्या तिला क्षमा करत होती.

"चाचा, दगड काढा," मी म्हटलं.

"शालन!" आत्या म्हणाली.

"मला दोन लागतात," मी त्या बाईंना सांगितलं. "आत्याला तीन लागतात. तुमचं काही एकटीचं नाही. खणात दगड आहेत, रोज काढतात, आज आईनं काढू दिले नाहीत. तुम्हाला कळू नये म्हणून. पत्रात बेताची लिहिलं होतं ते खोटं आहे."

त्या बाईंचं रडणं मधेच थांबलं. पदरानं नाक पुसून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. उजेडात पहिल्यांदाच.

"दगड?" मामांनी खाली उतरून विचारलं. "कसले दगड?"

चाचांनी सांगितलं. मामांनी दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे आमच्याकडे नव्हतं."

"मग काढा ना, चाचा," मी पुन्हा म्हटलं.

"मी न्हाई काढणार. शपथ घेतलीया घोडीची, आन् ती हितंच हाय, ऐकतीया." त्यांनी शहजादीच्या मानेवर थोपटलं. "आन् दगड कशापायी पायजेत, पोरी? बायामाणसं पुढं बसत न्हाईत म्हणून दगड बसवतो मी. तूच पुढं बस. मामा न् मुलगा जाऊ देत मागं."

"मुलगी पुढं?" मामा म्हणाले. "गाडीवानाशेजारी? आणि मी मागं, बायकांत? अहो, आमच्या गाडीखान्यात–"

"तुमच्या गाडीखान्यात चार चाकं हुती. चार चाकांवर कुणी कुठंबी बसावं. दोन चाकांवर ज्येचं त्येला कळावं लागतं."

"दादा, तू मागं ये," मुलाची आई मातीतूनच म्हणाली. "आणि मला आधी उठवा कुणीतरी."

तिला उठवायला मुरलीधर आणि मी, दोघं लागलो. बाकी कुणाच्यानं ते झालं नसतं, आणि खरं तर त्याच्यानंही काही होत नव्हतं. तो नुसता मन लावून ओढत होता.

मग मी पुढं चढले. मागं मधे मुरलीधर, एका बाजूला त्याची आई, दुसऱ्या बाजूला आत्या. मामांना पायरीवर पाय ठेवून बरोबर चाकाच्या वर, कडेला टेकावं लागलं; तिथला भार ना पुढं मोजायचा ना मागं. चाचांनी दांडीखाली तळहात धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हिकडं या, पावणं," त्यांनी मुरलीधरला हाक मारली. "हात धरा हितं. तुम्ही मागं नसला तरी काय फरक पडत न्हाई."

मुरलीधर उतरून आला आणि त्यानं तळहात धरला.

"काय लागतंय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "हलकी आहे अगदी."

"हां. आता घोडीला गाडी हाय असं वाटणारबी न्हाई. चला."

टांग्यात मी लहानपणापासून बसत आले होते, पण कायम मागं. मागं बसलं की आपण सोडून चाललेला रस्ता दिसतो. घरं लांब जातात, झाडं लांब जातात, समोरून काय येतंय ते सगळ्यात शेवटी कळतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा घोडीचे कान दिसले. रस्ता कुठं वळणार ते आधी दिसलं. देऊळ समोरून मोठं होत आलं.  पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोटातून आवाज आला नाही.

देवळात आत्या आणि मुलाची आई ओटी भरत होत्या. नारळ नसल्यामुळे चाचांनी कमानीपर्यंत जाऊन तो शोधून आणला होता. मामा कठड्याशी बसून धूळ झटकत होते. मी आणि मुरलीधर पायऱ्यांवर उभे होतो, मधे चार पायऱ्यांचं अंतर ठेवून.

"तुम्ही काय खात होता?" त्यानं विचारलं.

"ताक."

"किती दिवस?"

"पंधरा. तुम्ही?"

"महिनाभर. रोज डझनभर केळी, आणि दुधात तूप. आईनं तुमच्याकडे पाठवलेल्या पत्रात ‘मुलगा भरल्या अंगाचा’ असं लिहून टाकलं होतं. आता केळीवाला दिसला तरी मला ढवळतं."

"काही वाढलं?"

"शेरभर. मग पोट बिघडलं आणि दीड शेर उतरलं."

मी हसले. मग तोही हसला, आणि हसताना त्याच्या सदऱ्यातून एक राहिलेला कापसाचा पुंजका खाली पडला. तो त्यानं उचलून खिशात घातला, नीट, जणू पैसे आहेत.

मग तो म्हणाला, "एक विचारू? आई सगळं स्वतःवर घेत होती. तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. का बोललात?"

"त्या रडत होत्या म्हणून."

त्यानं मान हलवली. मग परतीला निघताना टांग्याच्या मागच्या बाकावर चढण्याआधी तो पुढं आला आणि मी पाय ठेवायच्या आत पायरीवरची माती आपल्या रुमालानं पुसून काढली. मामांनी ते पाहिलं, आणि हे त्यांच्या गाडीखान्यात होतं की नव्हतं, ते बोलले नाहीत.

बाजारपेठ आली. आता उन्हं चढली होती आणि झाडून सगळं गाव बाहेर होतं. मी पुढं, चाचांच्या शेजारी, पदर डोक्यावर, पाय फळीवर. ओट्यावरच्या बायका पुन्हा उठून उभ्या राहिल्या. एकीनं दुसरीचा दंड धरला. अण्णा हातात तराजू घेऊन दुकानाच्या पायरीवर आले आणि तसेच उभे राहिले. त्यांची एक गिऱ्हाईक बाई खालून ओरडली, "शेठ, पारडं!" तरी त्यांना ऐकू गेलं नाही. मग तराजू तिच्याच हातात देऊन ते आमच्या मागोमाग चालायला लागले.

आई दारात होती. मला पुढं बघून तिनं कपाळाला हात लावला. मग मागच्या बाकावर सदऱ्यातला मुरलीधर बघितला, त्याच्या आईच्या लुगड्याला लागलेली माती बघितली, मामांच्या मांडीवरचे दोन कोट आणि एक स्वेटर बघितला, आणि तिला काहीच उमगेना.

"रस्ता फार वाईट," आत्यानं उतरता उतरता सुरुवात केली. "म्हणून जरा शालनला पुढं–"

"थांबा हो," मुलाची आई म्हणाली. मग तिनं माझ्या आईला समोर घेतलं. "तुम्ही आम्हाला खोटं लिहिलंत."

आईचा चेहरा उतरला. "लिहिलं," ती म्हणाली.

"आम्हीही लिहिलं."

"काय?"

"ते हे," असं म्हणून तिनं मुरलीधरला खांद्याला धरून पुढं उभं केलं. आईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हलायला लागले होते, आणि मला कळलं की ती हसू दाबते आहे. अण्णा एव्हाना धापा टाकत पोचले होते. सगळे ओट्यावर गोळा झाले. चाचा घोडी सोडायचं निमित्त करून तिथंच रेंगाळले.

"काय रे," मामांनी मुरलीधरला विचारलं, "आता सगळे आहेतच. बोलून मोकळा हो. तुझं काय ठरलं?"

मुरलीधर म्हणाला, "मला काय विचारता? मी मागं बसलो होतो. पुढं कोण होतं, त्यांना विचारा."

असं कुणी विचारत नसे. आमच्या गावात तर नाहीच, आणि मामांचा चेहरा बघता बार्शीतही विचारत नसावेत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई, अण्णा, आत्या, मामा, त्याची आई. कमल दाराआडून. चाचा घोडीच्या मानेपलीकडून. आणि तो, घामेजलेल्या सदऱ्यात, दोन्ही हात मागं बांधून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावं तसा.

माझं उत्तर देवळाच्या पायऱ्यांवरच ठरलं होतं. पण स्वयंपाकघरातून वरणाचा वास येत होता.

"सांगते," मी म्हटलं. "आधी जेवते."

आणि आत जाऊन मी स्वतःच पान वाढून घेतलं.  दुपारच्या गाडीची वेळ झाली होती, मामा एकदा तसं म्हणालेही, पण जागचं कुणी हललं नाही. ते सगळे ओट्यावर थांबून राहिले, आणि मी सावकाश जेवले.